हात हयात आहे

प्रफुल्ल हसबनीसच्या त्या पत्राला अच्युत राजोपाध्ये यांनी नऊ वर्षं उत्तर दिलं नव्हतं. पत्र दोनच ओळींचं होतं. ‘शरयूवहिनींच्या हाताची नोंद यंत्रात चालू ठेवत आहोत. आपलं लेखी उत्तर न आल्यास हात हयात आहे असं समजण्यात येईल.’ अच्युतरावांच्या पत्नीला, शरयूबाईंना, जाऊन तेव्हा महिनासुद्धा झाला नव्हता. अच्युतरावांनी उत्तराचे मसुदे केले, फाडले, आणि आपल्यालाच कायदा नीट कळला नसेल असं म्हणून गप्प बसले.

आज त्यांच्या घरातल्या छोट्या प्रयोगशाळेत नाझनीन मुजावर समोर बसली होती. एकेकाळची त्यांची विद्यार्थिनी, आता हसबनीसच्या कंपनीत मुख्य अभियंता. त्यांनीच तिला बोलावून घेतलं होतं.

कंपनी संगणकावरच्या चिकटवह्यांसाठी जुन्या कागदाची सजावट विकायची. पिवळी पडलेली लेबलं, झिजलेल्या पाकिटांचे तुकडे, फोटो धरून ठेवणारे तांबूस कोपरे. इतर लोक कागदावर नुसता तपकिरी रंग शिंपडत. चारी कोपरे सारखेच मळके, त्यामुळे खोटेपणा लगेच डोळ्यांत भरे. अच्युतरावांनी रंग लावलाच नाही. त्यांचं ‘जीर्णगणित’ कोऱ्या कागदावर रोजची हवा, उजेड, दमटपणा आणि माणसाचा हात मोजायचं. कागद आपोआप म्हातारा व्हायचा, आणि वही विकली गेल्यावरही दर दिवशी एका दिवसाने जुना होत राहायचा. हात मात्र खरा लागे. तो शरयूबाईंनी दिला. त्या ग्रंथपाल होत्या. वर्षभर त्यांनी संवेदक-पट्टीवर पानं उलटली, डावा अंगठा जिभेला लावून. ही सवय मोडायला निघाले होते, तर तुम्ही तिचं शास्त्र करून ठेवलंत, असं त्या म्हणायच्या.

पुढे हसबनीसने शोध स्वतःच्या नावावर केला. अच्युतरावांनी तेही गिळलं. मूळ कल्पना त्याचीच असेल कदाचित, असंही त्यांना अधूनमधून वाटे. पण परवा एका मुलाखतीत हाताविषयी विचारल्यावर तो हसत म्हणाला, “होती कुणी एक बाई. थुंकी लावून पानं उलटायची.”

ते वाक्य ऐकूनच अच्युतरावांनी नाझनीनला फोन केला होता.

“मृत्यूची तारीख भरली तर काय होईल?” त्यांनी विचारलं.

“सर, गणित तुमचं आहे.”

“तरी सांग. माझं चुकत असेल.”

“त्या दिवसापासून हातच नव्हता असं धरून सगळं पुन्हा मोजलं जाईल,” नाझनीन म्हणाली. “कुणी न हाताळलेल्या कागदाचं काय होतं? धूळ, ओल, कसर. नऊ वर्षांची कसर एका दमात लागेल. कोपरे कुरतडले गेले की फोटो घसरतील. तुम्ही वजनसुद्धा धरलंय त्यात.”

“सगळ्यांच्याच वह्या जातील?”

“वही उघडणाऱ्याचाही हात मोजला जातो. जे उघडत आले, त्यांच्या टिकतील. ज्यांनी नुसत्या करून ठेवल्या, त्यांच्या जातील.” ती पुढे म्हणाली, “रविवारी हसबनीससाहेबांचा सत्कार आहे. त्यांची जीवनवही मोठ्या पडद्यावर दाखवणार आहेत. माणसं लावून करून घेतलीय. स्वतः एकदाही उघडलेली नाही.”

“तो तारीख खोडून टाकेल.”

“मेलेल्या माणसाचा हात हयात दाखवला तर परवाना जातो, सर. तुमचं पत्र आलं की तारीख मलाच भरावी लागेल.”

अच्युतराव हसले. हसबनीस भाषणाला उभा आहे आणि पाठीमागे त्याचे हारतुऱ्यांतले फोटो एकेक करून तळाशी कोसळताहेत, हे चित्र त्यांनी अगदी चवीने पाहिलं.

“आणि तुमची वही?” नाझनीनने हळूच विचारलं.

ती टेबलावरच्या पडद्यावर उघडीच होती. शरयूबाई गेल्यानंतर केलेली. रोज सकाळी चहाबरोबर ते ती उघडत. एका लेबलाच्या कोपऱ्यावर तिच्या अंगठ्याचा डाग होता, आणि तो रोज किंचित गडद होत आला होता. जणू ती मधूनच येऊन पान उलटून जात होती. उत्तर न देण्याचं खरं कारण तो डाग होता. कायद्याची नुसती सबब.

“कागद टिकेल,” ते म्हणाले. “मी उघडतो ना.”

“पण शरयूबाईंचा डाग पुसला जाईल. उरेल तो तुमचा.”

त्यांनी त्या कोपऱ्याकडे पाहिलं.

“नऊ वर्षं राबवतोय हसबनीस तिला,” ते म्हणाले. “गेल्यावरसुद्धा. आणि मी रोज सकाळी चहा पीत बघतोय.”

त्यांनी कागद ओढला. ‘हात हयात नाही’ एवढंच लिहिलं, सोबत मृत्यूचा दाखला जोडला. या खेपेला मसुदा केला नाही.

पोस्टातल्या खिडकीवरचा ओला स्पंज वाळून कडक झाला होता. अच्युतरावांनी डावा अंगठा जिभेला लावला, पाकिटाच्या गोंद लावलेल्या कडेवरून फिरवला आणि घट्ट दाबून धरला.

“रविवारच्या आत पोचेल ना?”

“उद्याच पोचेल, काका,” खिडकीतली बाई म्हणाली, आणि तिने पाकीट आत ओढून त्यावर शिक्का मारला.