रिकाम्या गाडीचं वजन

चौऱ्याऐंशीच्या दिवाळीनंतर आत्मारामने लष्कराच्या लिलावातून एक जुना ट्रक आणला, तेव्हा सगळ्या आंबेकोंड गावाने त्याला वेड्यात काढलं. पेन्शनीवर घरी आलेला माणूस घर शाकारतो, चार कलमं लावतो. हा गडी मात्र हिरवा, बोजड, कानठळ्या बसवणारा डबा घेऊन आला होता. त्याची बायको तुळसा दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

पण डबा चारी चाकांनी ओढायचा, आणि सैन्यात अठरा वर्षं असल्याच गाड्या हाकलेल्या आत्मारामला ते पुरेसं होतं. सड्यावरच्या, म्हणजे डोंगरमाथ्याच्या कातळपठारावरच्या, जांभ्याच्या चिरेखाणीत इतरांचे ट्रक लाल चिखलात मागची चाकं गरगर फिरवत बसायचे. आत्माराम गिअरशेजारचा छोटा दांडा ओढायचा, पुढची चाकंही कामाला लागायची, आणि दोनशे चिरे घेऊन गाडी कुरकुरत का होईना बाहेर यायची. पहिला हंगाम संपेस्तोवर नावं ठेवणारेच अडलेल्या गाड्या ओढून काढायला त्याच्या दारात येऊ लागले. तुळसाही त्यांना चहा देताना "आमची गाडी" म्हणू लागली.

चिरे चढवा-उतरवायला सोबत केरू असायचा. साठी उलटलेला, पूर्वीचा गाडीवान, हाडं अजून काटक. खाणीतून घाटी उतरायची, नदीवरची फरशी, म्हणजे कठड्याविना बुटका पूल, ओलांडायची, लांज्याच्या रस्त्याला लागायचं आणि माल टाकून त्याच वाटेने परतायचं. परतताना घाटीच्या पायथ्याशी केरू दर वेळी गाडी थांबवायला लावी. उतरून वाटेकडेचा एक चिरा मागच्या हौद्यात टाकी, आणि माथ्यावर पोचलं की तो खाली ढकलून देई. बैलगाड्यांच्या काळापासूनची ही रीत. माथ्यावर तसल्या चिऱ्यांचा ढीगच झाला होता.

"रिकामी गाडी घाटी चढवायची नाय," केरू म्हणायचा.

"चढवली तर?"

"तर ती रिकामी ऱ्हात नाय."

आत्माराम हसायचा. म्हाताऱ्याचं मन राखायला गाडी थांबवायचा, एवढंच.

शहाऐंशीच्या मे महिन्यात केरू तापाने पडला होता. आत्माराम एकटाच परतत होता. भर दुपार, अंगाची लाही होत होती, उतरून चिरा उचलायचा त्याला कंटाळा आला. त्याने गाडी तशीच चढवली. अर्ध्या घाटीत इंजिनाचा आवाज बदलला. वर चढताना रिकामी गाडी उड्या मारते. ही उड्या मारायची थांबली आणि शहाण्यासारखी, जड जड चालू लागली. त्याने गिअर उतरवला. माथ्यावर खाली उतरून पाहिलं. हौदा रिकामा होता, तळाशी लाल माती तेवढी.

मग त्याचं लक्ष मागच्या चाकांवर गेलं. चाकांवर लोखंडी पट्ट्यांचे थर असतात, त्यांना पाटे म्हणतात. गाडी रिकामी असली की पाटे कमानीसारखे वाकलेले राहतात, भरली की सपाट होतात. ड्रायव्हर एका नजरेत त्यावरून माल ओळखतो. आत्मारामचे पाटे सपाट झाले होते.

पाटे थकले असतील, असं म्हणून त्याने दुसऱ्याच दिवशी रत्नागिरी गाठली. मिस्त्रीने पाटे खोलून पाहिले, एकेक पट्टी ठोकून पाहिली आणि परत बसवले. "आणखी दहा वर्षं बघायला नको," तो म्हणाला. परत जोडल्यावर ते पुन्हा सपाट झाले. मिस्त्रीने डोकं खाजवलं, गाडीखालून बाहेर आला आणि मजुरी घ्यायचंच विसरला. आत्मारामने गाडी तशीच वजनकाट्यावर नेली. काट्याने रिकाम्या गाडीचं वजन दाखवलं, कागदावर होतं तेवढंच. किलोभरही जास्त नाही.

तो काट्यावरच्या माणसाशी उगीच भांडला. भांडण्यासारखं काहीच नव्हतं. तो घाबरला होता.

केरू बरा होऊन आला. पाट्यांकडे बघून त्याने काय ते ओळखलं. आत्माराम आता न सांगता पायथ्याशी थांबायचा, स्वतः चिरा टाकायचा.

"आता काय उपेग," केरू म्हणाला. "बसलेल्याला ऊठ कसं सांगणार?"

पाऊस लागला आणि खाण बंद झाली. गाडी अंगणात उभी राहिली, मालावाचून, तरी खाली दबलेली. त्याच सुमारास आत्मारामची मुलगी राही पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. नवरा मुंबईला गिरणीत. आत्मारामला एकुलती एक पोर, आणि सैन्यातल्या अठरा वर्षांत तिचं बालपण त्याच्या हातून निसटलेलं. आता तो तिच्यासाठी रोज काहीतरी शोधून आणायचा. कधी करवंदाचं लोणचं, कधी ताजे मुडदुसे मासे.

जुलैतल्या एका सकाळी राहीला कळा सुरू झाल्या. पाऊस तीन दिवस थांबला नव्हता. दहाच्या सुमारास गंगा सुईण बाहेर आली. तिचा चेहरा पाहूनच आत्माराम उभा राहिला.

"पोर आडवा हाय," ती म्हणाली. "माज्या हातचं काम नाय ह्ये. रत्नागिरीस न्हे. आत्ता."

राहीला पुढे डाव्या बाजूला बसवलं, तुळसा तिला धरून मधे. केरू न बोलावता हौद्यात चढला. घाटी उतरून ते नदीशी आले, आणि आत्मारामने करकचून ब्रेक दाबला. फरशी दिसत नव्हती. पाणी तिच्यावरून कमरेएवढं वाहत होतं, लाल, फेसाळ. अलीकडे एसटीची गाडी कालपासून अडकून पडली होती.

आत्मारामने सैन्यात असल्या पाण्यातून गाड्या काढल्या होत्या. पंख्याचा पट्टा काढायचा, गाडीच्या तोंडावर गोणपाट बांधायचं, गिअर एकच ठेवायचा. पण त्या गाड्या भरलेल्या असत. रिकामी गाडी एवढ्या पाण्यात बुडत नाही, तरंगते, आणि तरंगली की संपलं. चिरे भरायला पुन्हा घाटी चढून खाणीवर जायला हवं होतं. तासभर तरी मोडला असता. आत राही दातात पदर धरून कण्हत होती. तासभर तिच्याजवळ नव्हता.

तो खाली उतरला. पट्टा काढला, गोणपाट बांधलं, आणि ओणवा होऊन मागचे पाटे पाहिले. सपाट. त्याला वजनकाटा आठवला. काटा खरा असेल तर गाडी वाहून जाईल, पोरीसकट. पाटे खरे असतील तर...

पुढचा विचार त्याने केला नाही.

"केरूदादा, उतर तू. म्हाताऱ्या माणसाने कशाला—"

"चल रे," केरू वरून म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. "भरलेलीच हाय गाडी."

आत्मारामने दांडा ओढला आणि गाडी पाण्यात घातली.

पहिली पंचवीस पावलं नीट गेली. पाणी दारातून आत आलं, तुळसाने पाय वर घेतले. एसटीचा ड्रायव्हर काठावरून हात हलवून ओरडत होता. काय ते ऐकू आलं नाही.

मधोमध एक ओंडका आला आणि मागच्या चाकावर आदळला. गाडी आडवी सरकली. स्टीअरिंग हातात हलकं झालं, अगदी हलकं, आणि आत्मारामला कळलं की चाकं फरशीवरून सुटली.

"बाबा," राही म्हणाली.

तेव्हा गाडी खाली बसली.

हौद्यात कोणीतरी पाय रोवून उभं राहावं, तशी. चारी चाकं दगडाला भिडली. पाणी आदळत राहिलं, गाडी हलली नाही.

आत्मारामने ॲक्सिलरेटरवरचा पाय दाबून ठेवला.

पुढची चाकं चढाला लागली.

मग मागची.

पलीकडच्या काठावर त्याने गाडी थांबवली. पट्टा परत चढवायला हवा होता, पण आधी त्याला रडू आलं. तो मोकळेपणाने रडला, बायको-मुलीसमोर, आणि लाज वाटली नाही. मग उतरून मागे गेला. केरू हौद्याच्या एका कोपऱ्यात, कडेला पोट लावून, अंग चोरून उभा होता.

"असा काय उभा? बसायचंस की खाली."

"जागा नव्हती," केरू म्हणाला.

आत्मारामने लाल मातीच्या रिकाम्या हौद्याकडे पाहिलं आणि पट्टा चढवायला पुढे गेला.

दुपारी अडीच वाजता रत्नागिरीच्या सरकारी दवाखान्यात राही मोकळी झाली. मुलगा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अर्धा तास उशीर झाला असता तर दोघंही हाती लागली नसती. पोर सहा पौंडांचं, रंगाने आजीवर. तुळसा हसत होती आणि डोळे पुसत होती. पेढे आणायला म्हणून आत्माराम आवारात आला, तेव्हा आपली गाडी त्याने आधी ओळखलीच नाही. ती उंच दिसत होती. पाटे कमानीसारखे वाकले होते, नव्या गाडीचे असावेत तसे.

त्याने चाकाला हात लावून नमस्कार केला. लष्करातला माणूस, पण केला. दोन महिन्यांचं छातीवरचं ओझं उतरलं होतं. त्या रात्री दवाखान्याच्या व्हरांड्यात तो घोरत झोपला.

दहा दिवसांनी पाऊस उघडला, फरशी मोकळी झाली, आणि आत्माराम लेक-नातवाला घेऊन निघाला. राही डाव्या बाजूला, मांडीवर बाळ. तुळसा लांज्यापासून अंगाई म्हणत होती. स्टीअरिंग जरा डावीकडे ओढत होतं. चाकात हवा कमी असेल, असं त्याने मनाशी म्हटलं. पायथ्याशी केरूने चिरा टाकला, माथ्यावर ढकलला. सगळं रीतसर झालं. मागचा हौदा घाटीभर मोकळेपणाने खडखडत होता, आणि आत्मारामला तो आवाज गोड लागला.

अंगणात गंगा सुईण भाकरतुकडा आणि पाणी घेऊन उभी होती. आत्मारामने डाव्या बाजूला येऊन दार उघडलं. तुळसा आधीच पलीकडून उतरून आली होती. राहीने वाकून बाळ तिच्या हातात दिलं.

गाडीची डावी बाजू कुरकुरली आणि चांगली चार बोटं वर आली.

राही अजून सीटवरच बसली होती.