हाकेचा कडा

मे महिन्यात बर्गनला पाऊस पडला नाही की आम्हालाच चुकल्यासारखं होतं. त्या आठवड्यात तसंच झालं होतं. आभाळ कोरडं, पण वारा एका जागी ठरेना. बंदरातल्या बोटींचे दोर खुंटांवर सारखे करकरत होते. माझी बोट लहान, मोजक्या माणसांत भरणारी. पाहुण्यांना जवळच्या एका अरुंद फियॉर्डमध्ये, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या फाट्यात, फिरवून आणायचं आणि परतल्यावर माझ्या भावाच्या, तोरलीफच्या खानावळीत माशाचं गरम सूप प्यायला घालायचं, हा आम्हा दोघांचा धंदा.

त्या दिवशी ऐलर्ट आणि ओस्ने हे साठीतलं जोडपं आलं. हामारचं, म्हणजे समुद्रापासून लांब, शेतांच्या मुलखातलं. ओस्ने चर्चच्या गायकवृंदात गायची. हिवाळ्यात तिच्या घशाचं ऑपरेशन झालं होतं. आवाज परत येईल की नाही, हे डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं. ईस्टरच्या सुमाराला तो आला, आणि त्याच आनंदात ही सहल. सकाळी मासळीबाजार, मग धक्क्यावरची जुनी लाकडी घरं, दुपारी फियॉर्ड, संध्याकाळी मैफल. तिला सगळंच हवं होतं.

"हिला आवरा हो," ऐलर्ट मला म्हणाला. "अख्खा हिवाळा पाटीवर लिहून बोलली. आता तोंडाला खीळ नाही."

"अख्खा हिवाळा तुझी चैन झाली की," ओस्ने म्हणाली, आणि स्वतःच खळखळून हसली.

फियॉर्डच्या टोकाला एक उभा कडा आहे. त्याला आम्ही हाकेचा कडा म्हणतो. तिथे पाणी काळं दिसतं, हवेला ओल्या दगडाचा वास असतो, आणि मी इंजिन बंद केलं की शांतता कानांवर दाबल्यासारखी येते. पाहुणे आपलं नाव ओरडतात. कडा ते परत करतो. सगळे खूश होतात.

ऐलर्ट आपलं नाव ओरडला. ते परत आलं, जरा जाड होऊन. मग ओस्ने उठली. तिने दोन्ही हात तोंडाशी धरले आणि मोकळ्या गळ्याने स्वतःचं नाव घेतलं. आवाज इतका स्वच्छ होता की पाण्यावरची पाखरं उडाली.

कड्यातून काहीच आलं नाही.

"बर्गनचा कडा आहे," मी म्हणाले. "बाहेरच्यांना पहिल्या हाकेला ओ देत नाही."

सगळे हसले. तिने पुन्हा हाक घातली. पुन्हा काही नाही. मग मी माझं नाव ओरडले, "गुडवेग!" ते लगेच परत आलं. ऐलर्टचंही आलं. फक्त तिचं येत नव्हतं.

"वारा फिरला असेल," मी म्हणाले. तिथे वारा नव्हता.

खानावळीत तिने दोन चमचे सूप घेतलं आणि उठून दारापर्यंत जाऊन आली. थोड्या वेळाने पुन्हा उठली.

"मला कुणी हाक मारली का?"

"सूप मारतंय," तोरलीफ म्हणाला. "गार होतंय म्हणतंय. बसा बघू."

ती बसली. तिचा आवाज भिंतीपलीकडून आल्यासारखा लागत होता. ऐलर्टचं सुपाकडे लक्षच नव्हतं. तो तिच्या ओठांकडे बघत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धक्क्यावर पोचले तेव्हा दोघं आधीच तिथे उभी होती.

"मला परत तिकडे न्या," ओस्ने म्हणाली. नुसता श्वास होता तो.

तिच्या मागे ऐलर्ट मान हलवून नको म्हणत होता.

"आज बोट बंद आहे," मी म्हणाले.

"मग दुसरं कुणी नेईल."

मी नेलं. एकदा हाक परत आली की तिची भीती जाईल, असा माझा हिशोब होता.

कड्याखाली इंजिन बंद केलं. ओस्नेने हाक मारलीच नाही. ओठ घट्ट मिटून ती बसून राहिली.

आणि वरून तिचा आवाज आला.

तो प्रतिध्वनी नव्हता. घरात माणूस बोलतं तसा, साधा, ओळखीचा.

"ऐलर्ट, चल ना. थंडी वाजतेय मला."

"आलो गं," ऐलर्ट म्हणाला.

तो कड्याकडे बघत होता. त्याचा एक पाय बोटीच्या काठाबाहेर गेला होता.

मी त्याची कॉलर धरून त्याला मागे ओढलं. बायको त्याच्या शेजारी बसली होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडातून काहीच निघत नव्हतं.

दुपारच्या गाडीने ते हामारला गेले. त्यानंतर मी त्या फियॉर्डमध्ये बोट घातली नाही. दरड कोसळते, असं पाहुण्यांना सांगायचे. तोरलीफ प्रत्येक गोष्टीची टिंगल करतो. याची त्याने केली नाही.

सप्टेंबरमध्ये ऐलर्टचा फोन आला.

"ओस्नेचा आवाज आला! डॉक्टर थक्क झालेत." तो भरभरून बोलत होता. मग थांबला. "फक्त गायला जात नाही. गाणी आठवत नाहीत म्हणते. आणि कधीकधी काय बोलते तेच मला कळत नाही. तुम्हाला कळेल, म्हणाली. देऊ का तिच्याकडे?"

मी हो किंवा नाही म्हणायच्या आत फोन तिच्या हातात गेला होता.

आवाज ओस्नेचाच होता, निर्मळ. बोली मात्र हामारची नव्हती. ती कड्याच्या माथ्यावरच्या वस्तीची होती. वस्ती कधीच उठून गेली. ती बोली मी फक्त माझ्या आजीच्या तोंडून ऐकली होती, आणि आजीनंतर ती बोलणारं कुणी उरलं नाही.

"गुडवेग का गं?" ती मायेने म्हणाली. "आता घरात कोण कोण आहात तुम्ही?"

फोन ठेवून द्यायला हवा, नाव तर कुणाचंच घ्यायला नको, हे मला कळत होतं.

मी माझ्या भावाचं नाव सांगितलं. मग त्याच्या बायकोचं. मग त्यांच्या मुलींची.

धाकटीचं नाव तिला नीट ऐकू गेलं नाही, म्हणून मी ते पुन्हा सांगितलं.