टुक-टुक-चीं

सकाळी साडेसहाला कुणी परका पुरुष आपल्या खिडकीवर दुर्बीण रोखून उभा असेल, तर एकट्यादुकट्या बाईनं काय करावं? मी मशीनवरून उठले, मोठी कात्री घेतली आणि तडक मागच्या अंगणात गेले.

"अहो मिस्टर! लाज नाही वाटत?"

त्यानं ओठांवर बोट ठेवलं. "शूऽऽ! उडेल तो."

"कोण उडेल?"

"तेच तर कळत नाहीये…" हे तो इतक्या कळवळून म्हणाला की माझी कात्री आपोआप खाली आली. साठी उलटलेला, उंच, डोक्यावर विटकी टोपी आणि शर्टाचं तिसरं बटण गायब. मी टेलर आहे, माझी नजर आधी बटणांवरच जाते. डोळे नंतर पाहिले. ते पाहायला नको होते, असं आता वाटतं. कारण तिथंच सगळा घोटाळा झाला.

तर हे दुर्बीण सर. शाळेत पस्तीस वर्षं जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. बायको जाऊन नऊ वर्षं झाली, मुलगी परदेशात, त्यामुळे सकाळ पक्ष्यांची आणि उरलेला दिवस पक्ष्यांच्या नोंदींचा. त्या दिवशी गल्लीतून जाताना माझ्या खिडकीलगतच्या पेरूच्या झाडातून त्यांना एक आवाज ऐकू आला होता. टुक-टुक-चीं. असा आवाज त्यांनी जन्मात ऐकला नव्हता.

खिशातून वही काढून त्यांनी वेळ लिहिली, घड्याळात पाहिलं, लिहिलेल्यावर एक रेघ मारली, शेजारी नवी वेळ लिहिली आणि खाली चक्क सही केली.

"पाच मिनिटांच्या चुकीला सही?" मी विचारलं.

"माझ्या वर्गात खोडरबर आणायला बंदी होती. चूक झाली तर वर एक रेघ मारायची, शेजारी खरं काय ते लिहायचं, खाली सही. चूकसुद्धा दिसली पाहिजे, टेलरबाई." मग जरा घुटमळून म्हणाले, "उद्या… परत येऊ का?"

"या. पण पुढच्या दारानं. मागून आलात तर सगळी गल्ली माझ्यावर दुर्बीण रोखेल!"

ते आले. रोजच यायला लागले. अंगणात स्टुलावर बसायचे, आवाज आला की झाडाभोवती प्रदक्षिणा घालायचे आणि मग हताश होऊन खिडकीशी यायचे. मी मशीन थांबवायची. पाहुण्याशी बोलताना खडखडाट बरा दिसतो का?

"गंमत पाहा," एकदा ते म्हणाले, "मी तुमच्याशी बोलायला लागलो की हा गप्प बसतो."

"मत्सरी असेल."

"असेल. नराला असतोच मत्सर…"

"सगळ्याच नरांना?"

"मी सध्या… पक्ष्यांपुरतंच बोलतोय," सर म्हणाले आणि त्यांचे कान लाल झाले. मी दोरा ओवायला घेतला, तर चार वेळा सुई चुकली. तिसरं बटण मी त्याच दिवशी लावून दिलं. शर्ट अंगावर असतानाच लावलं, आणि दोघांनीही श्वास रोखून धरला होता. सुई टोचेल म्हणून, दुसरं काही नाही.

नवव्या दिवशी शेजारच्या घरात राहणारी माझी धाकटी बहीण चहा घेऊन आली. सरांनी तिला शीळ घालून आवाज ऐकवला. तिनं कप कसाबसा खाली ठेवला, मला हाताला धरून आत ओढलं आणि तोंडावर पदर दाबून हसत सुटली.

"अगं ताई, हा तर तुझ्या मशीनच्या पायडलचा आवाज!"

"काहीतरीच काय!"

"दाबून बघ."

मी दाबलं. टुक-टुक-चीं… वीस वर्षं रोज ऐकून माझ्या कानांना तो आवाज ऐकूच येईनासा झाला होता. वरच्या झरोक्यातून तो थेट पेरूच्या झाडात शिरत होता. बाहेरून सरांचा आनंदी आवाज आला, "आला, आला! सहा पन्नास!"

आता तेलाचे दोन थेंब घातले असते की विषय संपला असता. पण पक्षी संपला की सरही संपले, नाही का? लोकांच्या लग्नाचे कपडे शिवता शिवता माझं स्वतःचं लग्न राहूनच गेलं होतं. त्याचं कधी फारसं वाईट वाटलं नाही, खोटं कशाला सांगू. पण सकाळी साडेसहाला कुणीतरी आपल्या दाराशी येतं, याची सवय मात्र फार वाईट. मी तेलाची बुधली कपाटात मागे सारली. हातात काम नसेल त्या दिवशी नुसतंच मशीन चालवायला लागले. बिनकापडाचं!

आणि मग विसाव्या दिवशी, शनिवारी, सर फुलून आले. "उद्या अख्खं पक्षीमंडळ आणतोय इथं! आमचे अध्यक्ष आहेत ना, दातांचे डॉक्टर, ते आवाज रेकॉर्ड करणार. माझ्या प्रत्येक नोंदीवर शंका घेतो पठ्ठ्या. आठवीत माझ्याच वर्गात बेडकाला पाच पाय काढायचा!"

मी हातातली सुई खाली ठेवली. "सर, मला एक सांगायचंय…"

"सांगा ना." ते असे बघत राहिले की मी म्हटलं, "उद्या… स्वेटर घालून या. गार असतं."

रविवारी अंगणात अकरा माणसं आणि अकरा दुर्बिणी. मशीन चालवावं तर सरांची फसवणूक, न चालवावं तर सरांचं हसं. शेवटी मी खिडकी उघडली. "सर, जरा आत येता?"

त्यांना मशीनशेजारी बसवलं, आणि डोळे मिटून पायडल दाबलं.

टुक-टुक-चीं.

बाहेर एकच जल्लोष! "मिळाला! रेकॉर्ड झाला!" दातांचे डॉक्टर तर नाचत होते. "सर, मानलं तुम्हाला!"

आत सरांचा चेहरा पाहवत नव्हता. मी घाईघाईनं म्हटलं, "कुणाला सांगू नका. मी आजच तेल घालते. पक्षी उडून गेला म्हणा. तुमचं नाव राहील…"

सरांनी वही काढली. पानांवर एक लांब रेघ मारली, शेजारी बराच वेळ काहीतरी लिहिलं, सही केली आणि उठून खिडकीत उभे राहिले.

"मंडळी, दुरुस्ती. 'नोंद रद्द. हा पक्षी नाही. शिलाई मशीनचं पायडल.'"

नाच जागीच थांबला. डॉक्टर म्हणाले, "पण सर… तुमच्यासारख्या माणसाला वीस दिवस कळलं नाही?"

"कारणही लिहिलंय, ऐक. 'चूक होण्याचं कारण : निरीक्षकाचं लक्ष झाडाकडे नव्हतं. खिडकीकडे होतं. पहिल्या दिवसापासून.' खाली सही."

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मी त्यांच्या हातातून वही ओढून घेतली आणि खाली लिहिलं, 'नवव्या दिवशीच कळलं होतं. मुद्दाम तेल घातलं नाही.' सही केली.

सरांनी वाचलं. पुन्हा वाचलं. "म्हणजे अकरा दिवस तुम्ही… उगाचच…?"

"पाय सुजलेत माझे!"

ते इतके हसले की टोपी पडली. मग स्वतःच कपाटातून बुधली शोधून खाली बसले आणि पायडलला तेल घातलं. मी दाबून पाहिलं. आवाज नाही.

"आता उद्या कशाला याल?" मी विचारलं.

"मागणी घालायला. साडेसहाला, पुढच्या दारानं."

"इतक्या सकाळी कुणी मागणी घालतं का?"

"पक्षी सगळे पहाटेच घालतात."

दाराआडून बहीण किंचाळली, "ताई, हो म्हण! आत्ताच म्हण!"

मी ओठांवर बोट ठेवलं. "शूऽऽ! उडेल ना तो…"