दीपगृहाच्या गाण्यातला थांबा

शपथा घेऊन सांगणाऱ्यांवर माझा स्वतःचाच विश्वास नाही. म्हणून मी शपथ घेत नाही. एवढंच सांगतो की हे माझ्या सख्ख्या बहिणीबरोबर घडलंय, आणि घडत होतं तेव्हा आमच्या दोघांत फक्त एक काच होती.

रविवार होता. भर दुपार. भुतं रात्रीच येतात म्हणणाऱ्यांनी कधीतरी दुपारच्या सुट्टीत आमच्या स्टुडिओत येऊन बसावं.

मी ध्वनिमुद्रक आहे. लोक गातात, बोलतात, मी रेकॉर्ड करतो. बहीण माझ्याहून बरीच लहान. घरात तिला सगळे बारकी म्हणतात. ती गाते.

आमच्या लहानपणी एक कार्टून सिनेमा आला होता. दीपगृहात कोंडलेल्या मुलीचा, गाण्यांनी भरलेला. आपल्या भाषेतली त्याची गाणी आमच्याच स्टुडिओत झाली होती. मी तेव्हा शाळेत होतो.

त्यात एक गाणं आहे. मुलगी वरच्या खिडकीतून विचारते, "बाहेर कुणी आहे का?"

आणि गाणं थांबतं.

वाद्यं नाहीत, समुद्र नाही, काहीच नाही...

तेव्हा थिएटरातली सगळी पोरं बेंबीच्या देठापासून ओरडायची, "आहोत!"

कुणी शिकवलं नव्हतं. आपोआप सुरू झालं. त्या पोरांना आता टक्कल पडलंय, पण सिनेमा लागला की अजून ओरडतात.

तर तोच सिनेमा आता खऱ्या माणसांना घेऊन पुन्हा काढला. मुलीचा आवाज बारकीला मिळाला. तिचं पहिलं मोठं काम. आईने शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगून सांगून उच्छाद मांडला.

सिनेमा लागला... आणि चाहते पेटले.

नव्या दिग्दर्शकाने तो थांबा काढून टाकला होता! तिथे ढोल भरले होते. लोकांनी "आहोत" म्हणायला तोंड उघडलं आणि गाणं पुढे निघूनसुद्धा गेलं.

"चित्रातली मुलगी जिवंत वाटायची, ही जिवंत मुलगी चित्रासारखी वाटते."

"आमचं लहानपण परत द्या."

ही झाली सभ्य मंडळी. बाकीच्यांनी सगळा राग बारकीवर काढला. चोर सोडून संन्याशाला फाशी. "ही गाते की भाजी विकते?" असंही एकाने लिहिलं. ती रात्रंदिवस फोन घेऊन तेच वाचत बसायची. मी फोन काढून घेतला तर आईचा फोन घेऊन वाचायची.

"दादा, मी आता पुन्हा गाणार नाही," म्हणाली. माझं काळीज तुटलं.

मग सिनेमा कंपनीचे साहेब आले. म्हणाले, थांबा परत टाका. चाहत्यांसाठी खास खेळ लावतो. लोक खूश झाले तर बारकी वाचली, नाहीतर पुढच्या भागात दुसरा आवाज घेणार.

आता इथे थोडं कामातलं सांगतो. गाण्यात थांबा टाकायचा म्हणजे आवाज बंद करायचा, असं नसतं. तशी शांतता मेलेली वाटते. कानात दडे बसल्यासारखं होतं. प्रत्येक खोलीची स्वतःची शांतता असते, ती रेकॉर्ड करून तिथे लावावी लागते.

मला वाटलं, चाहत्यांना जुनाच थांबा हवाय ना? मग शांतताही जुनीच देऊ.

कपाटात जुन्या गाण्याची मूळ टेप सापडली. त्या काळच्या गायिका बाईंचं गाणं संपल्यावरही टेप चालू राहिली होती. नुसती शांतता. खूप वेळ.

त्यातला एक तुकडा मी कापला आणि बारकीच्या गाण्यात लावला.

मला वाटलं, काय डोकं चालवलंय मी!

खास खेळाला थिएटर खचाखच भरलेलं. बारकी माझा हात घट्ट धरून बसली होती. पडद्यावर मुलीने विचारलं, "बाहेर कुणी आहे का?"

गाणं थांबलं.

"आहोत!"

छप्पर उडेल असा आवाज. लोक रडले, नाचले, अनोळखी माणसांच्या गळ्यात पडले. त्याच संध्याकाळी प्रतिक्रियांचा पाऊस. बारकी एकदम लाडकी झाली. किती तरी दिवसांनी ती पोटभर जेवली.

पण मी वाचत होतो...

"काय कमाल केलीय त्या थांब्यात! अंगावर काटा आला."

"आपण उत्तर दिल्यावर आतून दार ठोठावल्याचा आवाज टाकलाय. ऐकला का?"

"मलाही ऐकू आला."

"माझी मुलगी घाबरून मांडीवर येऊन बसली."

मी कुठलाही आवाज टाकला नव्हता.

स्टुडिओत जाऊन तो तुकडा मोठा करून ऐकला. अजून मोठा केला.

ठक...

ठक ठक...

खूप लांबून. जाड भिंतीपलीकडून यावा तसा.

वाटलं, असेल जुन्या टेपचा काही दोष. माणूस स्वतःला काय वाट्टेल ते पटवतो.

साहेब तर हवेत होते. "तो ठकठक आवाज कुणाच्या डोक्यातून आला? राहू द्या तो! फक्त थांब्याच्या आधीची ओळ पुन्हा गाऊन घ्या, जरा जास्त कळवळून."

म्हणून त्या रविवारी आम्ही दोघंच स्टुडिओत गेलो.

गाणाऱ्याची खोली आत असते. जाड, अस्तर लावलेलं दार, आतून-बाहेरून खाली ओढायची कडी. मधे दुहेरी काच. दारावर लाल दिवा. तो लागला की बाहेरच्या कुणीही दार उघडायचं नाही, मग आग लागो. आमच्याकडे पहिल्याच दिवशी हे शिकवतात.

बारकी आत गेली. दार लागलं. मी लाल दिवा लावला.

तिने ओळ गायली. सुंदर गायली. "बाहेर कुणी आहे का?"

तिच्या आणि माझ्या कानात तो थांबा सुरू झाला.

तो संपायला हवा होता... संपला नाही.

मी यंत्राकडे बघितलं. रेघ पुढे सरकत होती. तुकडा कधीच संपला होता, पण शांतता चालूच होती.

काचेपलीकडे बारकीने कानावरचे हेडफोन काढले. माझ्याकडे बघून काहीतरी बोलली. ओठ हलले.

आवाज आला नाही. माइक तिच्या तोंडासमोर होता, तरीही नाही.

ती दाराकडे गेली. कडी खाली ओढली. पुन्हा ओढली. मग गळ्यावर हात ठेवला, तिला श्वास पुरत नव्हता. ती काचेशी आली आणि काच ठोकायला लागली.

माझ्या कानात ठकठक सुरू झाली.

पण आवाज आधी येत होता... तिचा हात काचेवर नंतर पडत होता.

हेडफोनची वायर तोडत मी धावत दाराशी गेलो. बाहेरची कडी जागची हलेना. खांदा लावला, लाथा मारल्या. आत माझी बहीण गुदमरत होती आणि माझ्यात दार उघडण्याची ताकद नव्हती. इतकं असहाय मला आयुष्यात कधी वाटलं नाही.

यंत्राची वायर उपसून काढली. सगळे दिवे विझले.

लाल दिवा तेवढा चालू होता.

आणि गळ्यात लोंबणाऱ्या हेडफोनमधून, वायर तुटलेल्या हेडफोनमधून, शेकडो माणसं एकदम ओरडली...

"आहोत!"

काचेपलीकडे बारकी गुडघ्यांवर बसली होती.

मी दारावर डोकं आपटून ओरडलो, "थांब! उघडतोय! उघडतोय गं!"

कडी आपोआप खाली गेली.

बारकी माझ्या अंगावरच कोसळली. मी तिला उचलून रस्त्यावर आणलं. उन्हात, माणसांत. किती तरी वेळ ती नुसती श्वास घेत होती. मग म्हणाली,

"दादा, आत आम्ही दोघी होतो."

मी स्टुडिओच्या दाराकडे बघितलं.

"बाहेर खूप माणसं होती रे. सगळी म्हणत होती आहोत, आहोत. उघडत कुणीच नव्हतं."

जुनी टेप ज्यांनी रेकॉर्ड केली ते आबा आता घरीच असतात. त्यांना फोन लावला. टेपच्या शेवटी काय आहे विचारलं.

"तो भाग लावलास तू?"

"हो."

"अरे देवा." मग हळूहळू बोलायला लागले. "जेवायची सुट्टी होती. बाई म्हणाल्या, तुम्ही व्हा पुढे, मी आत बसून एकदा म्हणून बघते. आतली कडी अडकली. त्यांना दम्याचा त्रास होता. बाहेरून माणसं जात-येत होती रे! पण लाल दिवा चालू राहिला होता. जो तो म्हणाला, काम चालू आहे, दार उघडायचं नाही."

"आणि टेप?"

"चालू होती. मी कधी ऐकली नाही. फेकायलाही हात धजावला नाही."

मी साहेबांना सगळं सांगितलं. तो तुकडा काढा म्हणून पाया पडायचाच बाकी होतो. ते हसले. "याच गोष्टीवर तर गर्दी होतेय! काढू कसा?"

सिनेमा चालूच राहिला. लोक रोज ओरडत राहिले.

मग बारकीने भलतंच सुरू केलं. रोज दुपारच्या खेळाला जायची. दाराजवळची खुर्ची घ्यायची. गाणं थांबलं की सगळे ओरडायचे, ही गप्प उठायची आणि थिएटरचं दार उघडून धरायची. तिथला माणूस रोज खेकसायचा, उजेड येतो म्हणून. आई म्हणाली पोरीला वेड लागलं. मीही रागावलो, मग रडलो. ती ऐकायची नाही.

"कुणीतरी उघडायला नको का, दादा?"

एके दिवशी ती घरी आली ती हसत. इतकी मोकळी ती लहानपणानंतर दिसली नव्हती. घराचं दार उघडं धरून तिथेच उभी राहिली.

"आत ये की," मी म्हणालो.

"येते. जरा वाट दे."

मी बाजूला सरकलो. माझ्यासमोरून काहीतरी गेलं असं मी म्हणणार नाही. मला काहीच दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी थिएटरात गेलो. थांबा आला. लोक ओरडले. त्यानंतर निव्वळ शांतता... ठकठक नाही, काही नाही. लोकांनी लगेच तक्रारी केल्या की कंपनीने आवाज काढून टाकला.

वाटलं, सुटलो.

पण तेव्हापासून आमच्या घरात एकही दार बंद राहत नाही. कडी लावा, कुलूप लावा, थोड्या वेळाने सताड उघडं. कपाटाचं, न्हाणीघराचं, सगळी. आई मावशीकडे राहायला गेली. बारकी मजेत आहे, गाते, नवीन कामंही येतात.

आम्ही सहाव्या मजल्यावर राहतो. परवा दोघं लिफ्टने वर येत होतो. दार लागलं, लिफ्ट निघाली.

दोन मजल्यांच्या मधे असताना दार उघडलं.

लिफ्ट थांबली नाही. समोरून उघडी भिंत सरसर खाली जात होती, हातभर अंतरावर. मी मागच्या पत्र्याला पाठ चिकटवून उभा राहिलो आणि बारकीला दंडाला धरून मागे ओढलं.

ती वळलीसुद्धा नाही. पुढे हात करून त्या दाराला थोपटत होती.

"घाबरू नकोस, दादा," ती म्हणाली. "तिला बंद सोसत नाही."

तेव्हापासून मी जिन्याने जातो. बारकी अजून लिफ्टनेच येते. रोज ती वर पोचेपर्यंत मी जिन्यात उभा राहून तिचं गाणं ऐकत असतो.