न पांघरलेली खादी

हाफिजाखालांचं कफन चोरीला गेलं होतं.

वॉल्टरच्या डोक्यात हे काही शिरेना. हा वसईचा माणूस गाडी झकास चालवतो, जेवतो त्याहून झकास, पण गोष्ट समजायला त्याला जरा वेळ लागतो. जिवंत बाईचं कफन कसं चोरीला जाईल, असं त्याने अझैब्याला खालांच्या घरी पोचेपर्यंत तीनदा विचारलं. त्याची मॅडम अश्लेषा गमरे हसली नाही. विमा कंपन्यांसाठी आगीच्या आणि चोरीच्या दाव्यांची चौकशी करण्यात मस्कतमध्ये तिची उमर गेली होती. माणसं कशाकशाला जीव लावतात, ते तिला ठाऊक होतं.

खाला पलंगावर बसल्या होत्या. ऐंशी उलटलेली, दम्याने पोखरलेली बाई, पण नजर करारी. हकीकत त्यांनीच सांगितली.

त्यांचे आजोबा रत्नागिरीकडचे. खिलाफतीच्या चळवळीत उतरले, भर बाजारात विलायती कपड्यांची होळी केली, इंग्रज सरकारने तुरुंगात टाकलं. इकडे दादी सूत कातत बसली. मालक सुटून आले की पांघरायला तिने खादीची चादर विणून घेतली. चादर तयार झाली, पण आजोबा तुरुंगातच वारले. सरकारने मय्यतही घरी दिली नाही.

“ज्या कापडाची होळी केली, त्याच गिरणीच्या कापडात गुंडाळून पुरलं त्यांना,” खाला म्हणाल्या. “दादी मरताना म्हणाली, ही चादर त्यांच्या रक्ताच्या माणसाच्या अंगावर पडू दे. ते माणूस मी, माझं कफन तीच. आता डॉक्टरांनीही हात टेकलेत, पोरी.”

गेल्या जुम्म्याला खाला सुनेबरोबर, जुलेखाबरोबर, दोन तासांवरच्या खाबुऱ्याला बहिणीकडे गेल्या होत्या. संध्याकाळी परत येऊन पाहतात तर पेटीतून चादर गायब. पेटीची किल्ली दारामागच्या खिळ्यालाच होती.

त्यांचा संशय दोघांवर होता. एक, वरच्या मजल्यावरचा अतुल. इंजिनियर माणूस, भारतीय मंडळात स्वातंत्र्यलढ्याचं प्रदर्शन भरवत होता. त्याने चादर मागितली होती, खालांनी नाही म्हटलं होतं. दुसरा त्यांचा स्वतःचा मुलगा शरीफ. त्याने मक्केच्या उमऱ्याहून झमझमच्या पाण्यात भिजवलेलं पांढरंशुभ्र कापड आणलं होतं. अम्मीने त्यातच जावं म्हणून तो महिनोन्‌महिने भांडत होता.

“अतुलला मी त्याच्या पोरांसमोर चोर म्हणून आले. पण शरीफचं काम निघालं, तर तो माझ्या जनाज्याला खांदा देणार नाही. ते मला आधी कळू दे.”

दारात उभी जुलेखा डोळे पुसत होती. ती म्हणाली, त्या संध्याकाळी घरात शिरलो तर सगळ्या खिडक्या सताड उघड्या आणि एसी बंद, ऑगस्टच्या उकाड्यात.

“म्हणजे चोर खिडकीतून आला!” वॉल्टर म्हणाला.

हा तिसरा मजला आहे, याची अश्लेषाने त्याला आठवण करून दिली.

ती घरभर हिंडली. हॉलमधल्या गालिच्यावर सोफ्याच्या पायांचे खोल वण होते, पण ते भलतीकडेच, पार दाराजवळ. कोठीच्या खोलीत सगळ्या सामानावर धूळ साचली होती. फक्त कपडे धुपवायची लाकडी तिकाटी तेवढी लख्ख पुसलेली. इथल्या घरांत अशी तिकाटी असतेच, खाली निखाऱ्यावर लोबान टाकायचा आणि वर कपडे पसरायचे. जुलेखा म्हणाली, अम्मीचा दमा वाढल्यापासून घरात धूप बंद आहे.

एवढ्यात शरीफ चहा घेऊन आला. सोहारच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या ऑफिसात तो काम करायचा, सुट्टीला घरी यायचा. जुम्म्याला नमाज पढून आलो आणि झोपलो, मला काही ऐकू आलं नाही, असं तो म्हणाला. कप त्याने डाव्या हाताने पुढे केला. उजवा हात कुर्त्याच्या खिशातच. एवढ्या रीतीभातीच्या घरात ही काय पद्धत, म्हणून वॉल्टरचं तोंड वाकडं झालं.

वरच्या मजल्यावर अतुल मात्र मनातून मोडला होता. जुम्म्याला दुपारी आपण दारापर्यंत गेलो होतो, हे त्याने आपणहून सांगितलं. चादर नाही तर निदान फोटो तरी मागावा म्हणून. पण दारातच लोबानाचा वास आला. पाहुणे असतील म्हणून तो परतला.

“आमच्या पोरांना कळावं, यांची माणसंही तुरुंगात मेली, एवढंच मला दाखवायचं होतं,” तो म्हणाला. “आता पोरं विचारतात, पप्पा, तुम्ही काय चोरलं?”

जिना उतरताना वॉल्टरने निकाल देऊन टाकला. “खलास, मॅडम. दारात आल्याचं त्याने कबूलच केलं की.”

दुसऱ्या दिवशी अश्लेषाने सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं, अतुललाही. मग शरीफला म्हणाली, वॉल्टरला सोफा सरकवायला जरा मदत करता? शरीफ जागचा हलला नाही. वॉल्टरने एकट्यानेच सोफा ओढला. खाली गालिचा जळून काळा पडला होता.

“गालिचा फिरवून जळकी बाजू सोफ्याखाली घेतली, म्हणून पायांचे वण भलतीकडे गेले,” अश्लेषा म्हणाली. “खिडक्या उघडल्या त्या धूर घालवायला. दम्याच्या घरात लोबान जाळायचा, तर खाला बाहेर असतानाच. तो वास अतुलना आला. खाला आणि जुलेखा खाबुऱ्याला होत्या, म्हणजे घरात एकच माणूस होतं. त्या माणसाने काल मला डाव्या हाताने चहा दिला, कारण उजवा भाजलाय.”

“म्हणजे जाळली,” खाला पुटपुटल्या.

“नाही, खाला. नकोसं कापड कोणी धुपवत नाही. कफनाला धूप देतात, ही तुमच्याच घरची रीत. त्यांनी तुमचा हट्ट मान्य केला होता.”

शरीफ उठला, आतून उशीचा अभ्रा घेऊन आला आणि आईसमोर ठेवला. आत राख होती, आणि हातभर लांब खादीची एक पट्टी.

“मशिदीतच वाटलं, अम्मीची मर्जी, आपण कोण अडवणारे,” तो म्हणाला. “धूप देऊन परत ठेवणार होतो. फोन आला म्हणून आत गेलो. कापड जुनं गं, अम्मी, निखारा उडाला असणार. हाताने विझवत बसलो.”

“मग बोलला का नाहीस?”

“इतका भांडलो होतो तुझ्याशी. जळाली म्हटलं असतं, तर तुला वाटलं असतं मी जाळली.”

तसंच वाटलं असतं, हे खालांनाही कळत होतं. वॉल्टरने मान खाली घातली. त्यालाही एव्हाना सगळं समजलं होतं.

“अतुल,” खाला शेवटी म्हणाल्या, “संध्याकाळी पोरांना घेऊन ये. त्यांच्यासमोर तुला चोर म्हटलं, त्यांच्यासमोरच माफी मागते.”

“आणतो,” अतुल म्हणाला.

मग त्यांनी शरीफला जवळ बोलावलं. “तेव्हाच सांगितलं असतंस तर एक रात्र रडले असते रे. माझ्याच घरात परक्या बाईला चौकशीला बोलवावं लागलं नसतं.”

त्यांनी त्याचा उजवा हात खिशातून ओढून काढला. तळवा फोडांनी भरला होता, इतके दिवस कोणाला न दाखवलेला. राखेतली पट्टी उचलून त्यांनी झटकली. मग त्या ती त्याच्या हाताभोवती गुंडाळू लागल्या.

“दुखतं का?” त्यांनी विचारलं.

तो नाही म्हणाला.

“तूही त्यांच्याच रक्ताचा,” खाला म्हणाल्या, आणि त्यांनी गाठ मारली.