पुऱ्या गावाचं रगत

जेवणं आटोपून पोरंपोरी ओट्यावर येऊन बसली. निवृत्तीकाकांनी गुडघ्यांवर चादर ओढून घेतली.

"गजेंद्र माह्या साडूचा पोरगा," ते म्हणाले. "गावोगाव फिरून जनावरांच्या रगताचे नमुने घ्यायचं काम करे. कोण्या गावात कोणता रोग शिरला, हे त्यावरून समजते. मागल्या पोळ्याच्या करीची रात्र. अमावस्या नुकतीच उलटलेली."

मग त्यांनी जे सांगितलं ते असं.

त्या दिवशी गजेंद्रला धाड गावाच्या पलीकडे एका वाडीवर पाठवलं होतं. उन्हाळ्यात तो तिथं एकदा जाऊन आला होता. तेव्हा जनावरं लाथा झाडायची, मालक घरी सापडायचे नाहीत. उन्हानं तो वैतागला. मनकर्णाबाई नावाची एक एकटी म्हातारी होती, तिची गाय तेवढी गरीब. गजेंद्रनं त्या गायीच्याच मानेतून गावभरच्या नळ्या भरल्या आणि प्रत्येक नळीवर वेगळ्या मालकाचं नाव चिकटवलं.

"काऊन रे बापू, एकाच गायीचं काढून राह्यला?" म्हातारीनं विचारलं होतं.

"रगत साऱ्याईचं लालच राहते, आजी."

तपासणीत गाव निरोगी निघालं. त्यामुळे कोणी आजारी जनावर वेगळं बांधलं नाही, आणि गोठ्यागोठ्यांतून गाई गाभडू लागल्या. म्हातारीच्या गायीनंही मेलेलं वासरू टाकलं. वार पोटातच अडकली आणि पाठोपाठ गायही गेली. म्हातारीनं ते वासरू उघड्या हातांनी उचलून पुरलं होतं. पुढं दिवस मावळला की तिला ताप भरायचा.

गाईंचं गजेंद्रच्या कानावर आलं होतं. म्हातारीचं पुढं काय झालं, ते त्यानं कधी विचारलं नाही.

आता गावानं तक्रार केली, म्हणून नमुने पुन्हा घ्यायचे होते. "या वेळी एकेक जनावर धरायचं. नाही जमलं तर उद्यापासून येऊ नको," साहेबांनी बजावलं होतं. पण करीचा दिवस. धाडला मित्राकडे मटणाचं जेवण झालं, गप्पा झाल्या. तो वाडीवर पोचला तेव्हा दारं लागलेली होती. रिकाम्या नळ्या घेऊन परत जावं, तर काम जाणार.

वेशीजवळ मनकर्णाबाई उभी होती. हातात कंदील नाही, काठी नाही.

"वाटच पाहून राह्यली होती, बापू. चाल. गाय बांधूनच ठेवली."

"तुही गाय मेली म्हणे ना, आजी?"

"लोकायचं काय ऐकतं? लोकं तं तुलेबी हुशार म्हणतात."

गजेंद्रला हसू आलं. बरंही वाटलं. पुन्हा तीच गाय, पुन्हा एकाच गोठ्यात सारं काम. कोणाला कळणार होतं? तो तिच्या मागं निघाला.

गोठ्यात अंधार होता. त्यानं मोबाईलचा टॉर्च लावून खुंटीला अडकवला. गाय उभी होती, भिंतीकडे तोंड करून.

"मान मी धरते," म्हातारी म्हणाली. "तू सुई टोच."

त्यानं सुई टोचली. पहिली नळी भरली. दुसरी भरली. गायीनं कान हलवला नाही. शेपूट हलवली नाही. तिचा श्वासही ऐकू येत नव्हता.

"आजी, हिची मान थंडी लागते..."

"भर तू."

त्यानं आणखी एक भरली. आणखी एक. डाव्या हाताची बाही ओली लागली. त्यानं खाली पाहिलं.

सुई त्याच्याच दंडात रुतलेली होती.

समोर गाय नव्हती. भिंत होती. त्याच्या मानेवर मात्र दोन हात होते. हाडकुळे. घट्ट.

"आजी... पुरे..."

"पुरे कसं? गाव मोठं आहे, बापू."

"आजी..."

"एकाचंच काढलं तं चालते ना?"

टॉर्च विझला...

ओट्यावरच्या पोरींतल्या रेणुकानं हळूच विचारलं, "मग, काका?"

"मग काय. सकाळी वाडीवरून फोन आला, बंद गोठ्यातून कण्हणं ऐकू येते म्हणून. मीच गेलो त्याले आणाले. म्हातारी राखीच्या आधीच गेली होती. त्या गोठ्याचं दार तवापासून कोणी उघडलं नोतं. अंदरून कडी होती, आम्ही पहारीनं तोडली. हा मंधात पडलेला, कागदावानी पांढरा. जीव वाचला. पण आजबी दिवस मावळला की ताप चढते त्याले. लय दवाखाने केले."

काका चादरीची कड बोटांनी चुरगाळत राहिले.

"एक गोष्ट मी कोणाले सांगितली नाही. उचलाच्या आधी मी त्याचं तोंड पुसलं. ओठायले चीक लागला होता. गाय व्याल्यावर येते तो. पिवळा, दाट... अजून ऊन होता."

काकांनी चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली.

"त्या वाडीवर पुऱ्या सालात एकबी गाय व्याली नोती."