जड नाव

"जुनं नाव आता तोंडातून काढायचं नाही. आणि कुणी त्या नावाने हाक मारली, तर ओ द्यायची नाही," असं सासूबाईंनी मला बजावलं, तेव्हा मी "हो, इबू" म्हणाले आणि खिरीच्या वाट्या विसळायला मागीलदारी गेले. आईला, सासूला आणि परक्या बाईलाही आमच्याकडे हीच हाक; घाईत नुसतं 'बू'. मी जीवशास्त्राची पदवी घेतलेली; वाट्या विसळताना मला हसूच आलं होतं.

ती तांबडी-पांढरी खीर नाव बदलल्याची होती. मुलीचं नाव आम्ही हौसेने बतारी ठेवलं होतं. बतारी म्हणजे देवी. ती दीड वर्षाची असताना कान फुटला म्हणून औषध चालू होतं, आणि एका दुपारी तिच्या अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वासातून शिट्टी वाजायला लागली. त्या धावपळीत औषधाची बाटली फुटली. ती वाचली, पण सासूबाई म्हणाल्या, "नाव जड झालं. एवढ्याशा जिवाला पेलवत नाही." मग ती राहायू झाली. राहायू, म्हणजे सुखरूप.

रीत अशी, की आजार जुन्या नावाबरोबर जातो. तो बतारीचा होता, राहायूला काही झालेलंच नाही. विषय निघाला की सासूबाई डोळ्यांनी दटावायच्या. पुढे आम्ही गाव सोडून सालातिगा शहरात आलो. तोवर मीही तसंच बोलायला, आणि तसंच आठवायला लागले होते.

आयू (राहायूला आम्ही आयूच म्हणतो) सहा वर्षांची झाली आणि तिची दाढ ठणकायला लागली. सकाळी उठली तर गाल डोळ्यापर्यंत चढलेला.

दवाखाना चढावरच्या जुन्या बंगल्यात आहे. आत लवंगेच्या तेलाचा वास, आणि बाहेर कट्ट्यावर बसलेल्या माणसांच्या सिगारेटींचा वासही लवंगेचाच. बाकावर आम्ही दोघीच होतो.

"बतारी," हाक आली.

मी जागची हलले नाही. या शहरात ते नाव कुणालाच माहीत नव्हतं. आयू माझ्या मांडीवर पडली होती, तिने मान वर केली.

मदतनीस तुतिक दारात आली. "चला की, बू. डॉक्टर हातमोजे घालून बसल्यात."

"तुम्ही आत्ता हाक कुणाला मारलीत?"

"अजून मारलीच नाही. बाकावर दुसरं आहे कोण?" मग आयूचा गाल बघून म्हणाली, "अगंबाई, अख्खा वाफवलेला बाक्पाव कोंबलायस की गालात. आम्हाला तुकडा तरी ठेवायचास."

आयू हसली नाही. "आधी तिचा नंबर आहे ना?" तिने विचारलं.

डॉक्टर हार्तिनींनी हिरडी दाबून पाहिली. "गळू झालंय. सूज उतरल्याशिवाय दाढ काढायची नाही, आधी औषध देते. राहायूला कधी कुठलं औषध बाधलंय? अंगावर गांधी, ओठ सुजणं, दम लागणं?"

"राहायूला? नाही, कधीच नाही."

"नीट आठवून सांगा, ताई."

"नाही, डॉक्टर."

मी खोटं बोलत नव्हते. मला खरोखर दुसरं काही आठवत नव्हतं.

चूळ भरायच्या भांड्यातलं पाणी थांबलं. खोलीत शांत झालं आणि बाहेर बाकाकडून बारीक शिट्टीसारखा आवाज आला. आत, बाहेर. आत, बाहेर.

"मांजर असेल," तुतिक म्हणाली आणि तिने दार लोटून घेतलं.

औषधवाल्याने भुकटीत पाणी घालून बाटली हलवून दिली. गुलाबी औषध. घरी आल्यावर मी आयूला चार घास मऊ भात भरवला, झाकण उघडलं, चमचा भरला. गोड, खोट्या फळाचा वास आला. हा वास कुठे घेतला होता, ते आठवेना.

चमचा मी तिच्या ओठांपाशी नेला.

अंगणातून हाक आली. "बतारी."

आवाज माझाच होता. त्या दुपारी जशी जीव तोडून मारली होती, तशी हाक.

आयूसमोर ते नाव आम्ही कधीच उच्चारलं नव्हतं. ती ताठ बसली. मोठ्यांनी हाक मारली की द्यायला शिकवतो तशी नम्र ओ तिने दिली.

"दालेम."

मग तिने ओठ मिटून घेतले. जरा वेळाने म्हणाली, "हे तिचं आहे. हे पिऊन तिला शिट्टी वाजली होती."

भरलेला चमचा मी बशीत ठेवला आणि फोन घेऊन पडवीत गेले.

"डॉक्टर, गांधी उठल्या होत्या. ओठ, श्वास, सगळं. कानाच्या औषधावर. वास हाच होता."

"मग मी विचारलं तेव्हा नाही का म्हणालात?"

"राहायूला झालं नव्हतं ते."

"मग कुणाला झालं होतं?"

माझ्या तोंडून नाव निघालं नाही.

"हे बघा, एक थेंब देऊ नका. गेला असेल तर मला फोन करत बसू नका, थेट इस्पितळ गाठा. दुसऱ्या खेपेला हे औषध सावध व्हायला वेळ देत नाही."

मी आत आले.

चमचा रिकामा होता. चाटूनपुसून स्वच्छ.

मी आयूचं तोंड उघडून पाहिलं. जीभ गुलाबी नव्हती. वास फक्त लवंगेचा.

"तू प्यायलीस?"

"नाही."

"मग कोण प्यायलं?"

तिने अंगणाच्या दाराकडे पाहिलं. "तिला नको होतं. पण म्हणाली, इबूने भरलाय ना चमचा."

दारामागे शिट्टी वाजायला लागली.

मी आयूला कडेवर घेतलं आणि पुढच्या दाराने धावत सुटले. मागे वळून पाहिलं नाही. दोघींपैकी एकीलाच घेऊन गेले.

आयूला काहीही झालं नाही. इस्पितळात तिच्यावर संध्याकाळपर्यंत लक्ष ठेवलं. साधा पुरळही उठला नाही. पुढे दुसऱ्या औषधाने सूज उतरली, दाढ निघाली. आम्ही परत आलो तेव्हा अंगण शांत होतं. अजून शांतच आहे.

ते नाव मला उच्चारता येत नाही; लिहायला हरकत नसावी, असं मी धरून चालले आहे. तुम्हाला मात्र कुणी मनाई केलेली नाही. तुम्ही असाल तिथून एकदा तिला हळूच हाक मारा आणि थोडं थांबा. 'दालेम' ऐकू आलं, तर तिचा श्वास कसा चाललाय, तेवढं मला कळवा.